जपानी पार्टिकल्स मराठी डोक्याने शिका: वा, गा, ओ, नि, दे आणि रोजचे शब्द

माझ्या पहिल्या क्लास टेस्टमध्ये एक गाळलेली जागा होती, "बासु ___ नोरिमास". नोरु (नोरिमासचं मूळ, डिक्शनरीतलं रूप) म्हणजे गाडीत बसणं, चढणं. मी मनात म्हटलं बसने जायचं म्हणजे "ने", आणि "ने" म्हणजे दे, मग काय, ठोकून दिलं दे. चुकलं. सेन्सेइंनी, म्हणजे शिक्षकांनी, लाल पेनने गोल केला आणि बाजूला मराठीत लिहिलं, "बसने चढता की बसमध्ये चढता?" उत्तर होतं नि. तिथे माझी ट्यूब पेटली, कारण तोपर्यंत मी सगळं इंग्रजी नोट्समधून पाठ करत होते आणि प्रत्येक पार्टिकलपुढे चार-चार इंग्रजी अर्थ लिहून ठेवले होते आणि ऐन वेळी त्यातला एकही कामाला यायचा नाही.

आपल्याकडे शाळेत विभक्तीचा तक्ता घोकून घेतलेला असतो. स ला ते, स ला ना ते, ने ए शी, चा ची चे. तेव्हा वैताग होता, आता तो फुकट मिळालेला खजिना आहे. जपानी पार्टिकल म्हणजे नामाच्या मागे चिकटणारा छोटा तुकडा, आपल्या प्रत्ययासारखाच, आणि वाक्याचा क्रमही आपलाच, क्रियापद शेवटी. शिवाय त्यांच्याकडे सामान्यरूप नाही. आपण घोडाचं घोड्याला करतो, आंबाचं आंब्याने करतो, तिथे शब्द आहे तसाच राहतो आणि मागे पार्टिकल लागतं. लिंगही नाही. म्हणजे मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला जे रडू येतं ते आपल्याला तिथे येणार नाही. आपलं रडू वेगळ्या ठिकाणी आहे, ते पुढे सांगते.

आधी अक्षरं आणि उच्चार, हे टाळू नका

जपानीच्या दोन लिप्या आधी शिका, हिरागाना ४६ आणि काताकाना ४६ मूळ अक्षरं, रोज तासभर दिला तर तीन आठवडे पुरतात. रोमन लिपीत शिकायचा मोह होईल, करू नका. मी इथे देवनागरीत लिहितेय ते फक्त समजावण्यासाठी, वही हिरागानातच असू दे. त्यांच्या तक्त्याचा क्रम बघा, आ इ उ ए ओ, मग का सा ता ना हा मा या रा वा. ओळखीचा वाटतो ना? बौद्ध भिक्षू संस्कृतचा अभ्यास करायचे, त्यांच्यामुळे आपल्या वर्णमालेची मांडणी तिकडे पोचली. क, मग च च्या जागी सा, मग त, न, मग प च्या जागी हा, मग म य र व. जुन्या जपानीत ह चा उच्चार प सारखाच होता म्हणे, म्हणून तो तिथे बसलाय. हे एकदा कळलं की डिक्शनरीत शब्द शोधायला अडत नाही.

उच्चारातही आपल्याला एक फायदा आहे. "त्सु" वर लोक अडतात, पण आपल्या चूल-चुना मधला च साधारण तोच आवाज आहे. आणि "चि" म्हणजे चिंचेतला च. दोन्ही च आपल्या तोंडात आधीच आहेत.

सांभाळायचं काय, तर लांबी आणि जोर. ओबासान म्हणजे काकू-मावशी, ओबाआसान म्हणजे आजी. शेजारच्या काकूंना आजी केलंत तर त्या हसून सोडून देतील पण लक्षात ठेवतील. तसंच किते म्हणजे ये, कीते म्हणजे ऐक, कित्ते म्हणजे पोस्टाचं तिकीट. आपण गडी आणि गड्डी वेगळं बोलतोच, तेवढाच जोर तिथे द्यायचा. या लेखात मी आ हा छोटाच धरलाय, लांब असेल तिथे आआ किंवा ओओ असं दोनदा लिहिलंय, फक्त लांब इ ला ई. आणि देसु, मासु मधला शेवटचा उ बहुतेक वेळा ऐकूच येत नाही, म्हणून देस, मास लिहितेय.

तीन अक्षरं पार्टिकल म्हणून आली की उच्चार बदलतात. लिहायचं हा पण वाचायचं वा, लिहायचं हे पण वाचायचं ए, आणि लिहायचं वो, वाचायचं ओ. का ते विचारत बसू नका, जुन्या स्पेलिंगचे अवशेष आहेत.

पहिला आठवडा: वा, देस, नो, मो, का

"वाताशि वा काइशाइन देस", मी कंपनीत नोकरीला आहे. देस म्हणजे ढोबळमानाने आपलं "आहे", आणि वा म्हणजे कर्ता नव्हे, हे आत्ताच डोक्यात कोरून ठेवा. वा म्हणजे "आता यांच्याबद्दल बोलूया". टपरीवर चार जण उभे असतात, एक जण विचारतो काय काय सांगायचं, आणि तुम्ही म्हणता "मी कटिंग". तुम्ही काही कटिंग नाही आहात, पण सगळ्यांना कळतं. जपानीतही कॅफेत लोक म्हणतात "वाताशि वा कोओही देस". माझं विचाराल तर, कॉफी. हाच वा.

नो म्हणजे चा-ची-चे-च्या, सगळ्यांना मिळून एकच. माझ्या मैत्रिणीच्या आईची बॅग म्हणजे "वाताशि नो तोमोदाचि नो ओकाआसान नो काबान". क्रम तंतोतंत आपला. फक्त विशेषणाला नो लावायची सवय लागते ती मोडा, लाल गाडी म्हणजे "आकाइ कुरुमा", मध्ये काही नाही.

का तर गंमतच आहे. "येता का?" म्हणजे "किमास का?" अर्थ तोच, जागा तीच, आवाज तोच. योगायोग आहे, पण आयता मिळालाय तर घ्या.

मो म्हणजे ही किंवा पण. "वाताशि मो इकिमास", मीपण जाते. मो आला की वा, गा, ओ पळून जातात, "वाताशि वा मो" असं म्हणायचं नाही. पण नि आणि दे राहतात, "निहोन नि मो इकिमाशिता", जपान-ला-ही गेले होते. ला आधी, ही नंतर, आपल्यासारखंच.

हे-ते मध्ये एक घर जास्त आहे. कोरे म्हणजे माझ्याजवळचं, सोरे म्हणजे तुमच्याजवळचं, आरे म्हणजे दोघांपासूनही लांबचं. फोनवर बोलताना समोरच्याच्या हातातलं नेहमी सोरे.

दुसरा-तिसरा आठवडा: ओ, नि, दे, आणि आपला "ला" कसा फसवतो

ओ म्हणजे कर्म. "पान ओ ताबेमास", पाव खाते. इथे मराठी माणूस ओ विसरतो, कारण आपण निर्जीव कर्माला काही लावतच नाही, "पाव खाते", "पुस्तक वाचते", पावाला नाही आणि पुस्तकाला नाही. म्हणून सुरुवातीचे महिनाभर जाणूनबुजून ओ लावायची सवय करा. बोलीभाषेत ते लोकही गाळतात, पण गाळायचा हक्क आधी कमवावा लागतो.

आता "ला". मराठीत ला खूप कामं करतो आणि जपानीत ती कामं वाटली गेलीत. मैत्रिणीला भेटते, "तोमोदाचि नि आइमास". सरांना विचारते, "सेन्सेइ नि किकिमास". स्टेशनला जाते, "एकि नि इकिमास". तिन्हीकडे नि, आणि बघा, इंग्रजीतून शिकणारे "भेटणे" ला ओ लावून मोकळे होतात, आपण होत नाही. पण "रामला बघितलं" हा ला वेगळा, तो कर्माचा, तिथे "रामु-सान ओ मिमाशिता" (सान म्हणजे नावामागे लागणारं आपलं राव). आणि आईला मदत करते म्हणताना पण "हाहा ओ तेत्सुदाइमास", नि नाही. उलट मैत्रिणीची वाट बघते म्हणताना आपल्याकडे ची येते, त्यांच्याकडे "तोमोदाचि ओ माचिमास". ही दोन क्रियापदं मी किमान दहा वेळा चुकलेय.

म्हणून माझा एकच हट्ट आहे, क्रियापद कधीही एकटं पाठ करू नका. वहीत "आउ, भेटणे" असं लिहायचं नाही, "नि आउ" लिहायचं. "ओ मात्सु", "नि नोरु", "ओ ओरिरु". ओरिरु म्हणजे उतरणे, गाडीतून उतरते म्हणजे "देन्शा ओ ओरिमास". इथे "तून" चा ओ झाला. बागेतून फिरते, "कोओएन ओ साम्पो शिमास", पुलावरून पलीकडे जाते, "हाशि ओ वातारिमास". सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात, म्हणजे त्या पुणे-ओकायामा मैत्री बागेत, आमचा ग्रुप रविवारी जायचा आणि चालता चालता हेच वाक्य बडबडायचा. जपानी बागेत जपानी ओ, नीट बसला डोक्यात.

नि आणि दे हा सगळ्यात मोठा घोळ, कारण दोन्हीचं मराठी "त" होतं. घरात आहे, "उचि नि इमास". घरात जेवते, "उचि दे ताबेमास". नुसतं असणं असेल तर नि, तिथे काही काम घडत असेल तर दे. टोकियोत राहते, "तोओक्योओ नि सुन्दे इमास", पण टोकियोत नोकरी करते, "तोओक्योओ दे हाताराइते इमास". राहणं त्यांच्या हिशोबी असणंच आहे, काम नाही (घर आवरणाऱ्या माणसाला विचारा म्हणावं). आणि मीटिंग तिसऱ्या मजल्यावर आहे, यात "आहे" असूनही दे येतं, "काइगि वा सान्गाइ दे आरिमास", कारण मीटिंग ठेवलेली नसते, ती घडते.

दे चा दुसरा अर्थ आपला "ने". हाताने, "ते दे". बसने, "बासु दे". जपानीत सांगा, "निहोन्गो दे इत्ते कुदासाइ", इथे आपण त म्हणतो पण साधन तेच. एकटीने जाते, "हितोरि दे इकिमास", तिघांनी मिळून, "सान्निन दे". फक्त "त्याने पुस्तक वाचलं" मधला ने इथे आणू नका, तो आपला भूतकाळातला खास ने आहे, जपानीत त्याचा पत्ता नाही, तिथे साधं "कारे वा होन ओ योमिमाशिता".

वेळेचं सोपं आहे. सात वाजता, "शिचिजि नि". आज, उद्या, रोज यांना काही लागत नाही, आपणही उद्याला काही लावत नाही. फक्त "सकाळी" ला आपण ई लावतो आणि त्यांचा आसा मोकळाच फिरतो. दिशा दाखवायला ए पण चालतं, "एकि ए इकिमास", सुरुवातीला नि वापरा आणि ए ऐकून ओळखा, एवढं पुरे.

असणं सांगताना सजीव की निर्जीव बघायचं. मांजर आहे, "नेको गा इमास", टेबल आहे, "त्सुकुए गा आरिमास". आपलं आहे दोघांनाही चालतं म्हणून ही चूक महिनोन्महिने होते. झाडं आरिमास मध्ये जातात, स्वतः हलत नाहीत म्हणून.

चौथा आठवडा: गा, जिथे मराठी खरी जिंकते

इंग्रजीत "मी" आंबा आवडवतो, म्हणजे मी कर्ता आणि आंबा कर्म. म्हणून इंग्रजीतून शिकणारे सगळे आंब्याला ओ लावतात आणि मग सेन्सेइ वैतागतात. मराठीत काय म्हणतो आपण? मला आंबा आवडतो. आवडतो कोण, आंबा. चिंच असती तर आवडते झालं असतं, म्हणजे क्रियापद आंब्याच्या तालावर नाचतंय. जपानीत पण अगदी हेच, "वाताशि वा मान्गोओ गा सुकि देस". गा आंब्याला. मला जपानी समजतं, "निहोन्गो गा वाकारिमास". मला पाणी हवंय, "मिझु गा होशी देस". माझं डोकं दुखतंय, "आतामा गा इताइ देस". माझ्याकडे पैसे नाहीत, "ओकाने गा आरिमासेन". मराठीत मला, माझं, माझ्याकडे ने सुरू होणारी वाक्यं काढा, त्यातली बरीचशी "वाताशि वा अमुक गा" मध्ये बसतात. नोट्समध्ये यांना "अपवाद" म्हणून वेगळ्या चौकटीत टाकलेलं असतं, मराठी माणसाला ती चौकट फाडून टाकायला हरकत नाही.

हत्तीचं ते प्रसिद्ध वाक्य यावर बेतलेलं आहे, "झोओ वा हाना गा नागाइ". हत्तीचं म्हणाल तर, नाक लांब. वा ने विषय काढला, गा ने त्यातली नेमकी गोष्ट धरली.

गा चं दुसरं काम आपल्या "च" सारखं. "दारे गा किमाशिता का", कोण आलं? "तानाका-सान गा किमाशिता". प्रश्नशब्दाला वा कधीच लागत नाही, कारण ज्याचा पत्ताच नाही त्याच्याबद्दल बोलूया कसं म्हणणार? आणि प्रश्न गा ने आला तर उत्तरही गा ने. ऑफिसात कोणी विचारलं हे कोण करेल आणि तुम्ही म्हणालात "वाताशि गा यारिमास", तर ते "मी करते" असतं, ठामपणे पुढे आलेलं. "वाताशि वा यारिमास" म्हटलं की कानाला "बाकीच्यांचं माहीत नाही, मी तर करते" असं लागतं. हा फरक पहिल्या महिन्यात पूर्ण कळणार नाही, हळूहळू कान तयार होतो.

उरलेले भराभर. तो म्हणजे आणि, बरोबर, आणि "असं": "इकु तो इइमाशिता", जाणार असं म्हणाली. कारा-मादे म्हणजे पासून-पर्यंत, योरि म्हणजे पेक्षा. वाक्याच्या शेवटचा ने म्हणजे आपला ना, "ओइशी देस ने", छान झालंय ना. यो म्हणजे बरं का, समोरच्याला माहीत नसलेलं सांगताना, म्हणून साहेबांसमोर यो जपून.

शब्द: घरातल्या घरात सुरू करा

मी स्वयंपाकघरात चिठ्ठ्या लावल्या होत्या. फ्रिजवर रेइझोओको, मिठावर शिओ, साखरेवर सातोओ. आई आठवडाभर चिडली, मग तीच "शिओ दे" (हा दे मराठीतला) म्हणायला लागली. यातही मराठीतून बघा. इंग्रजीत सगळं राइस, पण आपल्याकडे शेतात भात किंवा साळ, डब्यात तांदूळ, ताटात भात. त्यांच्याकडे शेतात इने, डब्यात कोमे, ताटात गोहान. आणि गोहान म्हणजे जेवणसुद्धा, रात्रीचं जेवण बान्गोहान. उलट पाण्याला आपला शब्द एक, त्यांचे दोन, गार-साधं ते मिझु, गरम ते ओयु. "गरम मिझु" म्हणू नका. घालणे हेही आपलं एकच, त्यांच्याकडे शर्ट किरु, पँट आणि चपला हाकु, टोपी काबुरु, चष्मा काकेरु.

पावाला पान म्हणतात आणि तंबाखूला ताबाको, दोन्ही पोर्तुगीजांची देणगी. जे जहाज गोव्यात पाव उतरवून गेलं त्याचेच भाऊबंद पुढे जपानपर्यंत पोचले होते.

माणसं मोजताना आपण दोन माणसं न म्हणता दोघं म्हणतो, तसं हितोरि, फुतारि, मग सान्निन, योनिन. नाती मात्र आपली आणि दुसऱ्याची वेगळी, माझी आई बाहेरच्यांशी बोलताना हाहा, तुमची आई ओकाआसान. माझी ताई आने, तुमची ओनेएसान. स्वतःच्या नावाला सान लावायचं नाही, आपण स्वतःला राव म्हणत नाही तसं.

ते-रूप, म्हणजे क्रियापदाचं ते ने संपणारं रूप, नंतर येईल तेव्हा घाबरू नका, ते आपलं "ऊन" आहे. ताबेते मिरु म्हणजे खाऊन बघणे, ताबेते शिमाउ खाऊन टाकणे, काइते ओकु लिहून ठेवणे, मोत्ते कुरु घेऊन येणे. शब्दाला शब्द. घरातून निघताना ते म्हणतात "इत्ते किमास", म्हणजे जाऊन येते, आणि घरातले म्हणतात "इत्तेराश्शाइ", जाऊन या. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आजीच आठवली, "जाते म्हणू नये, येते म्हणावं".

दुकानातले संवाद आधी पाठ करा कारण ते पहिल्या दिवशी लागतात. मी नवीन असताना कोन्बिनीच्या, म्हणजे तिकडच्या छोट्या सुपरमार्केटच्या, काउंटरवर मुलीने भरभर विचारलं, "फुकुरो वा इरिमास का", मला फक्त शेवटचा का कळला आणि मी हो म्हणून टाकलं, पिशवीचे पैसे लागले. जुलै २०२० पासून तिकडे प्लास्टिक पिशवीचे पैसे घेतातच. फुकुरो म्हणजे पिशवी, इरु म्हणजे लागणे. लगेच दुसरा प्रश्न येतो, "आतातामेमास का", डबा गरम करू का. हवं तर "ओनेगाइ शिमास", नको तर "दाइजोओबु देस". एवढ्यावर महिनाभर निभतं.

रोजचा हिशोब

रोज पाच शब्द, जास्त नको, पण प्रत्येक शब्द पार्टिकलसकट छोट्या वाक्यात. अंकी या फ्लॅशकार्डच्या ॲपमध्ये कार्ड करताना पुढे मराठी वाक्य, मागे जपानी. रात्री दिवसभरात केलेल्या तीन गोष्टी जपानीत मोठ्याने बोला, भूतकाळ माशिता, नकार मासेन, नव्हतं केलं तर मासेन देश्ता. परीक्षा द्यायची असेल तर जेएलपीटीची, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची, सगळ्यात खालची पायरी एन५, जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुण्यात सेंटर आहे. १८० पैकी ८० ला पास, पण भाषा आणि वाचन मिळून १२० पैकी ३८ आणि ऐकण्याचे ६० पैकी १९ तरी हवेत. बोलायची परीक्षा नसते, म्हणून नुसता पेपर सोडवून पास झालेले आणि काउंटरवर गप्प बसणारे भरपूर भेटतात.

आता पाच वाक्यं करा, खाली बघायच्या आधी वहीत लिहा. मला चहा आवडतो. शाळेत मैत्रिणीला भेटले. भावाची वाट बघते. खोलीत कुत्रा आहे. बसने स्टेशनला जाऊन ट्रेनमध्ये चढते.

"ओचा गा सुकि देस." "गाक्कोओ दे तोमोदाचि नि आइमाशिता." "आनि ओ माचिमास", धाकटा भाऊ असेल तर ओतोओतो. "हेया नि इनु गा इमास." आणि शेवटचं, "बासु दे एकि नि इत्ते, देन्शा नि नोरिमास." बसने ला दे, ट्रेनमध्ये ला नि.